नकाशा आधी उलटून पाहा

बायबलमधल्या प्रदेशांचा जुना नकाशा विकणारा पुढची बाजू हौसेने दाखवतो: इस्राएलाचे बारा वंश, समुद्रातली जहाजं, योनाचा मासा. पाठ, म्हणजे मागची बाजू, मात्र मुद्दाम दाखवायला सांगावी लागते, आणि नकाशाची किंमत बऱ्याचदा तिथेच ठरते. परदेशातून ऑनलाइन घेत असाल तर दोन फोटो मागाच: एक पाठीचा, दुसरा कागद उजेडासमोर धरून काढलेला. टाळाटाळ झाली तर पुढे जा.

उजेडात सतराव्या शतकाच्या कागदात बारीक समांतर रेषांची जाळी दिसते आणि तिला काटकोनात साधारण अडीच सेंटिमीटरवर एकेक ठळक रेष. १६५० चा म्हणून दाखवलेला कागद अगदी एकसारखा दिसला तर विषय संपला. नुसत्या जाळीवरही भाळू नका, तसा कागद आजही बनतो. सराफ्यातले कारागीर वापरतात तसं दहापट भिंग घ्या. तांब्याच्या पाटीवरून छापलेली रेष सलग असते, शाई कागदावर किंचित उठलेली असते. ठिपक्यांची रांगोळी दिसली तर ती अलीकडची छपाई. टॉर्च आडवी धरली की चित्राभोवती पाटीच्या दाबाची चौकट उमटलेली दिसते; समास कापलेल्या नकाशात ती गेलेली असते, म्हणून भाव कमी.

नकाशाकार ऑर्टेलियसचा अ‍ॅटलास १५७० मध्ये अँटवर्पला निघाला आणि पुढे लॅटिन, डच, जर्मन, फ्रेंच अशा कितीतरी भाषांत छापला गेला. पाठीवरच्या मजकुराची भाषा, पानाचा क्रमांक आणि ओळींची मोडणी पाहून आवृत्ती ओळखतात. नकाशावर कोरलेलं साल पाटीचं असतं, छपाईचं नव्हे. एकच पाटी वर्षानुवर्षं चाले. ऑर्टेलियसचा अब्राहामाच्या प्रवासाचा नकाशा, भोवती २२ गोल प्रसंगचित्रं असलेला, सगळ्यांनाच हवा असतो. पहिल्या खरेदीला तो नको. जुन्या नकाशांत उत्तर वर असेलच असं नाही. आद्रिकोम या लेखकाच्या १५९० च्या पवित्र भूमीच्या नकाशात पूर्व वर आणि भूमध्य समुद्र खाली आहे. चूक समजून सोडू नका.

पाठीवर पाहायच्या आणखी दोन गोष्टी. अ‍ॅटलासमधला दुपानी नकाशा मधल्या घडीवर, विशेषतः खालच्या टोकाला फाटतो. जुनी नीट दुरुस्ती चालते, सेलोटेप नाही. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. दुसरी, हिरवा रंग. तो तांब्याच्या गंजापासून करत. पुढे हिरव्या सीमारेषा आणि मागे त्याच जागी तपकिरी छटा असेल तर रंगकाम बहुधा जुनं. छटा गडद होऊन कागद तडकू लागला असेल तर रंग कागद खातोय. असा घेऊ नका.

सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या पोलादी पाटीवरच्या छोट्या नकाशांपासून करा. नागपुरात १८४५ पासून स्कॉटिश मिशन होतं, त्यामुळे जुन्या इंग्रजी बायबलांत असे नकाशे सापडू शकतात. धड पुस्तक फाडून नकाशा काढणं मात्र नासाडीच.

नागपुरात नकाशाला खरा धोका मे महिन्यातल्या ४५ अंशांपेक्षा कुलरचा. दिवसभर कोरडी हवा, कुलर लावला की दमट. कागद रोज आकसतो, फुगतो, आणि घडीवर तडकतो. कुलरच्या खोलीत नकाशा नको, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरही नको. खोलीत हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहू द्या. आम्लरहित फोल्डरमध्ये आडवा ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून कसर (कागद खाणारी कीड) लागली का पाहा. डांबरगोळ्या कागदाला चिकटून नकोत, लॅमिनेशन तर मुळीच नको.

फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवायचा नाही. फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, हाताने फाडलेल्या. कापलेल्या पट्टीची कड नकाशावर उमटते. खळ गव्हाच्या स्टार्चची: एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीसेक मिनिटं ढवळत पारदर्शक होईस्तो शिजवून गाळलेली. तिच्यात मोरचूद नको. बाइंडर कीड लागू नये म्हणून घालतात, पण मोरचूदही तांब्याचंच, आणि हिरव्या रंगाने चारशे वर्षांत जे केलं तेच ते पुन्हा सुरू करेल. काच नकाशाला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची (भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी ठेवा.

बिल आणि कस्टमचे कागद जपा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून आणलेला नकाशाही त्यात येऊ शकतो, तेव्हा उद्या तिकडेच विकू या हिशेबाने घेऊ नका.