कृत्रिम हिरवळ टाकताय? आधी खालची खडी बघा

अंगणात कृत्रिम हिरवळ टाकताना सगळे पात्यांचा रंग आणि उंची बघतात. पावसाचं पाणी मुरणार की नाही, हे मात्र खालच्या थरावर ठरतं. सिमेंटच्या कोब्यावर भोकं असलेली हिरवळ अंथरली, तर पाणी भोकांतून उतरून कोब्यावरून थेट गटारात जाणार.

माती उकरून जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरा. त्यावर २० मिमी धुतलेली खडी १५ सेंटिमीटर आणि वर बारीक खडीचा पातळ थर. कंत्राटदार सपाटीसाठी क्रशरची डस्ट, म्हणजे दगड फोडताना निघणारी भुकटी सुचवेल. ती दाबली की पोकळ्या बुजतात, म्हणून नकोच. खडीत साधारण ३५ टक्के पोकळी धरली, तर २० चौरस मीटर अंगणाखाली हजारभर लिटर पाणी थांबतं, म्हणजे तेवढ्या जागेवरचा ५० मिमी पाऊस.

काळी माती असेल तर पाणी फार हळू मुरतं. तिथे तळाशी भोकांचा पाइप टाकून शोषखड्ड्यापर्यंत न्या, घराच्या पायापासून लांब. हिरवळ चिकटवण्याआधी खडीवर दोन-चार बादल्या ओतून बघा. आणि मे महिन्यात कडक झाडूने साचलेली धूळ काढाच, नाहीतर भोकं तुंबतात.