थॅनोसची बाजू घेणाऱ्या भाच्याशी कसं बोलावं

थॅनोस म्हणजे मार्व्हलच्या 'अ‍ॅव्हेंजर्स' चित्रपटांतला खलनायक; उरलेल्यांना सगळं पुरावं म्हणून तो विश्वातले निम्मे जीव संपवतो. इंदूरच्या आमच्या घरी पोह्यांवर जीरावन भुरभुरता भुरभुरता भाचा म्हणाला, "मावशी, थॅनोसचं चुकलं काय? निम्मे गेले, पण उरलेल्यांना तर पोटभर मिळालं असतं!"

अशा वेळी रागावू नका. आधी आकड्याला चेहरे द्या. मी म्हटलं, "इथे बसलेले मोज. आजी, बाबा, तू, मी. आता निम्मे निवड." चमचा हातातच राहिला, तो आजीकडे बघत बसला.

मग विचारा, मरणाऱ्यांना कुणी विचारलं होतं? स्वतःचा जीव देणं वेगळं, दुसऱ्याचा घेणं वेगळं. ही रेघ पुसू देऊ नका.

मोठ्या मुलांपुढे 'वॉचमेन' या कॉमिकमधला ओझिमँडियस ठेवा. अणुयुद्ध टाळायला तो न्यूयॉर्कमधली लाखो माणसं मारतो, आणि युद्ध टळतंही. मी तरीही त्याला माफ करत नाही. आमचा वाद दोन रविवार चालला.