कोकणच्या सड्यावर कातळशिल्पं बघायची तर दुपारी जाऊ नका

कातळशिल्पं म्हणजे कोकणातल्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या उघड्या सपाट पठारावर, हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं. ती बघायला गेलेली बरीच माणसं "तिथे काही विशेष नाही हो" म्हणत परत येतात. विचारलं की कळतं, ती दुपारी बाराला गेली होती. गणपतीपुळ्याचं दर्शन झालं, जेवण झालं, मग जाता जाता तेवढी चित्रंही बघून घ्या, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. हा सल्ला देणाऱ्याने स्वतः सडा पाहिलेला नसतो.

१. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पावसात कातळावर शेवाळ असतं आणि पाऊस सरला की गुडघाभर गवत.

२. एका दिवसात दोनच ठिकाणं घ्या. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये कातळशिल्पांच्या नऊ जागा आल्या: रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातली एक. म्हणून लोक नवाच्या नऊ उरकायला निघतात. रत्नागिरीत मुक्काम असेल तर उक्षी आणि जांभरूण करा. राजापूरकडे असाल तर कशेळी, आणि जोडीला बारसू किंवा देवीहसोळ. पहिलीच वेळ असेल तर माझ्या मते उक्षीच. तिथला हत्ती ठळक आहे, भोवती जांभ्याचा कठडा आहे, आणि नवखा डोळा तिथे तयार होतो.

३. मोबाईलचा नकाशा डांबरी रस्ता संपेपर्यंतच खरा. पुढे वाडीत विचारा.

४. आता मुख्य गोष्ट, म्हणजे चित्र दिसणं. मी पहिल्यांदा कशेळीला गेलो तो भर एक वाजता. तेव्हा भोवती कसलीच खूण नव्हती. अर्धा तास उन्हात फिरलो. शेवटी गुरं घेऊन चाललेल्या एका आजोबांना विचारलं, "आजोबा, तो हत्ती कुठे आहे?" ते म्हणाले, "त्याच्या पोटावरच तर उभे आहात." हा हत्ती १८ मीटर बाय १३ मीटरचा आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. मला एकही दिसला नव्हता!

दोष डोळ्यांचा नव्हता, उन्हाचा होता. ही चित्रं रंगवलेली नाहीत, जांभ्यात खोदलेली आहेत. खाच उथळ, झिजलेली, आणि तिचा रंग बाजूच्या कातळासारखाच. सूर्य डोक्यावर असला की खाचेत सावली पडत नाही आणि सगळा सडा सपाट दिसतो. ऊन तिरपं झालं की खाचेची एक कड काळी होते आणि रेघ उठून येते. म्हणून सकाळी साडेआठच्या आत पोचा, नाहीतर हिवाळ्यात संध्याकाळी पावणेपाचनंतर. सूर्य समोर ठेवून चित्राच्या कडेला उकिडवे बसा. उभं राहून खाली बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पाठीचा कणा, शेपूट, पाय अशी एखादी लांब रेघ पकडा आणि नजरेने तिच्यामागे जात राहा. एक रेघ सापडली की बाकीचं चित्र आपोआप जुळतं.

फोटोसाठी कुणी खाचेत खडू भरतं, कुणी बाटलीभर पाणी ओततं. ओला कातळ सगळाच काळा पडतो, आणि खडू झिजलेल्या दगडात जाऊन बसतो. हजारो वर्षं टिकलेल्या रेघेवर आपला खडू कशाला? चित्रावर पायही देऊ नका. मी एकदा दिलाय, तेवढा पुरे.

५. टोपी आणि पाणी घ्या. सड्यावर सावली नसते.

बारसूचं नाव २०२३ मधल्या रिफायनरीविरोधी आंदोलनामुळे तुम्ही ऐकलं असेल. दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस तिथल्याच सड्यावर आहे, आणि माझं मत विचाराल तर त्याच्यासाठी एक संध्याकाळ राखूनच ठेवा. देवाचे गोठणेला गेलात तर होकायंत्र न्यायला विसरू नका. तिथल्या मानवाकृतीवर ठेवलं की काटा भलतीच दिशा दाखवतो. मुलं तिथून हलायला तयार नसतात, त्यामुळे उजेड आहे तोवर त्यांना आधी चित्र बघू द्या आणि होकायंत्र मग खिशातून काढा.