फ्लॅग पडला, आता यार्ड कुठून मोजायचे?

रविवारी रात्री उशिरापर्यंत एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) बघत बसणारे असोत, की सकाळी वाशी किंवा घोडबंदरकडच्या मैदानावर तो खेळ खेळून पाहणारे, फाउल दाखवणारा पंचांचा पिवळा फ्लॅग पडला की वाद एकच: चेंडू ठेवायचा कुठे? ५, १० आणि १५ यार्डांच्या दंडांचा तक्ता एका बैठकीत पाठ होतो. घोळ होतो तो मोजणी कुठून सुरू करायची यात. खालचे नियम एनएफएलचे आहेत; अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये काही वेगळे आहेत.

स्नॅप म्हणजे चेंडू मागे देऊन प्ले सुरू करणे; त्याआधीचे फाउल सोपे. ऑफेन्सचा (चेंडू असलेल्या संघाचा) फॉल्स स्टार्ट, म्हणजे स्नॅपआधीच हालचाल, किंवा डिले ऑफ गेम, म्हणजे वेळेत स्नॅप न करणे, झाला की शिट्टी वाजते, प्ले झालाच नाही असे धरतात, ५ यार्ड मागे जायचे आणि डाऊन (१० यार्ड गाठायच्या चार प्रयत्नांपैकी एक) तोच राहतो. डिफेन्सच्या (समोरच्या संघाच्या) ऑफसाइडवर, म्हणजे स्नॅपच्या वेळी रेषेपलीकडे असण्यावर, मात्र बऱ्याचदा खेळ चालू राहतो. क्वार्टरबॅक (ऑफेन्सचा पास टाकणारा खेळाडू) अशा वेळी बिनधास्त लांब पास टाकतो. जमला तर दंड नाकारायचा, फसला तर ५ यार्ड घ्यायचे.

प्ले चालू असतानाचा फाउल समजायला एक उदाहरण पुरे. ऑफेन्स स्वतःच्या ३० यार्ड रेषेवर, फर्स्ट अँड टेन (पहिला डाऊन, १० यार्ड बाकी). धावपटू ४८ पर्यंत पोहोचला.

ऑफेन्सने होल्डिंग (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणे) स्नॅपच्या रेषेमागे केले असेल, तर १० यार्ड ३० पासून मागे: चेंडू २० वर, फर्स्ट अँड ट्वेंटी. तेच होल्डिंग पुढे ४० वर झाले, तर मोजणी फाउलच्या जागेवरून. ४० वजा १०, म्हणजे परत ३० आणि फर्स्ट अँड टेन. धाव वाया गेली, पण अंतर वाढले नाही. आणि डिफेन्सने पकडताना हेल्मेटची जाळी ओढली, तर १५ यार्ड धाव संपली तिथून पुढे: मधली ५० ची रेषा ओलांडली की आकडे उलटे उतरतात, म्हणून चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ३७ वर, नवा फर्स्ट डाऊन. धावपटू स्नॅपच्या रेषेमागेच पकडला गेला असता, तर हेच १५ यार्ड स्नॅपच्या जागेवरून मोजले असते.

पासमधला सगळ्यात महागडा फाउल डिफेन्सचा पास इंटरफिअरन्स, म्हणजे पास झेलू पाहणाऱ्याला नियमाबाहेर अडवणे. याला ठरलेले यार्डच नाहीत. फाउल झाला तिथे चेंडू आणि फर्स्ट डाऊन. ४५ यार्ड पुढे झाला तर ४५ यार्ड गेले. गोलरेषेपलीकडच्या एंड झोनमध्ये झाला तर चेंडू १ यार्ड रेषेवर. ऑफेन्सने तोच फाउल केला तर स्नॅपच्या जागेवरून फक्त १० यार्ड मागे. हा भेदभाव वाटतो खरा, पण नियम तसाच आहे.

गोलरेषा जवळ असली की आधी भागाकार करा. दंड गोलरेषेपर्यंतच्या अर्ध्या अंतरापेक्षा जास्त घेता येत नाही. स्वतःच्या १२ वर फर्स्ट अँड टेन असताना १० यार्डांचे होल्डिंग लागले, तर चेंडू ६ वर येतो. गाठायची रेषा २२ वरच राहते, म्हणून फर्स्ट अँड सिक्स्टीन.

डिफेन्सचे सगळे दंड आपोआप फर्स्ट डाऊन देत नाहीत. थर्ड अँड फिफ्टीनला ऑफसाइड झाला तर थर्ड अँड टेन. त्याच जागी ५ यार्डांचे डिफेन्सिव्ह होल्डिंग झाले तर थेट फर्स्ट डाऊन. दोन्ही दंड ५ यार्डांचेच, म्हणून नवखे इथे हमखास चुकतात.

दंड नाकारणे म्हणजे उदारपणा नव्हे. थर्ड डाऊनला ऑफेन्सने होल्डिंग केले आणि पासही कुणी झेलला नाही, तर डिफेन्स दंड नाकारते. स्वीकारला तर समोरच्याला थर्ड डाऊन पुन्हा मिळतो. नाकारला तर फोर्थ डाऊन.

मैदानावर पावलांनी मोजू नका. यार्ड म्हणजे ९१ सेंटिमीटर. साधे पाऊल त्याहून आखूड, त्यामुळे १५ पावलांत १५ यार्ड भरत नाहीत. ९.१४ मीटरची दोरी घ्या, बरोबर मधोमध गाठ मारा: १० आणि ५ दोन्ही झाले. नायलॉनची दोरी पावसात भिजून ताणली जाते, म्हणून टेपने पुन्हा तपासा. टेप नसेल, तर मैदानातल्या क्रिकेटच्या खेळपट्टीवर स्टंप ते स्टंप २२ यार्ड असतात.

हाफच्या शेवटच्या प्लेमध्ये घड्याळ शून्यावर आले, तरी डिफेन्सचा फाउल झाला असेल आणि ऑफेन्सने दंड स्वीकारला, तर घड्याळाविना आणखी एक प्ले मिळतो. तोवर टीव्ही बंद करू नका.