जुन्या रणभूमीवरच्या शेतात डिटेक्टर घेऊन जायच्या आधीची तयारी

जुन्या लढाईच्या वस्तू शोधायला शेतात जायचं म्हटलं की बहुतेकजण आधी विचारतात डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारं मशीन, कुठला घेऊ. माझ्या यादीत पहिल्या ओळीला वही, पेन्सिल आणि नंबर टाकलेल्या झिपच्या पिशव्या आहेत. शिशाची एक गोळी हातात घेतली तर तिच्यावरून फार काही कळत नाही, पण ती शेतात नेमकी कुठे मिळाली, आसपास अजून किती मिळाल्या, त्यातल्या चेपलेल्या किती आणि अख्ख्या किती हे लिहून ठेवलं असेल तर कोण कुठे उभं होतं आणि मारा कुठल्या बाजूने झाला त्याचा अंदाज बांधता येतो. इंग्लंडमधली १४८५ ची बॉसवर्थची लढाई घ्या, इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड जिथे मारला गेला ती. जागा नक्की कुठली यावर वर्षानुवर्षं वाद, मग २००५ पासून काही वर्षं शेताशेतातून डिटेक्टरने पद्धतशीर सर्व्हे झाला आणि शिशाचे तोफगोळे मिळाले, रिचर्डचं चिन्ह असलेल्या रानडुकराचा छोटासा चांदीचा बिल्ला मिळाला, आणि लोक ज्या टेकडीला रणभूमी मानत होते तिथून जवळपास ३ किलोमीटर लांब खरी जागा निघाली. हे सगळं नोंदींमुळे झालं. मी पहिल्या वर्षी सापडेल ते एकाच डब्यात टाकत गेलो, डबा अजून आहे पण कुठली गोळी कुठल्या कोपऱ्यातली ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर प्रत्येक वस्तूला एक पिशवी, पिशवीवर नंबर, वहीत तोच नंबर, जीपीएसचं रीडिंग, खोली किती ते सेंटीमीटरमध्ये, आणि उचलायच्या आधी बाजूला पट्टी ठेवून एक फोटो. मोबाईलचं जीपीएस मोकळ्या रानात साधारण ३ ते ५ मीटरपर्यंत बरोबर येतं, तेवढं पुरतं, कारण नांगरटीने वस्तू तशाही थोड्याफार इकडेतिकडे सरकलेल्या असतात. जिथे फिरलात आणि काहीच मिळालं नाही तेही लिहा, रिकामा पट्टासुद्धा माहितीच असते.

परवानगी लेखी घ्या. जमीन एकाची आणि कसणारा दुसरा असेल तर दोघांची घ्या, आणि त्यात कुठल्या तारखा, खड्डे कसे बुजवणार, सापडलेल्या वस्तूचं काय करायचं हे आधीच लिहून टाका, नंतर एखादी चांगली वस्तू निघाली की तोंडी बोलण्याचे दहा अर्थ निघतात. मालकाने हो म्हटलं म्हणजे कायद्याने हो झालं असंही नाही. आयर्लंडमध्ये सरकारी परवान्याशिवाय जुन्या वस्तू शोधायला डिटेक्टर वापरणंच गुन्हा आहे, सापडलेल्या खजिन्यासाठी इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट आहे, भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आहे, शिवाय संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर पाऊलही टाकायचं नाही. ज्या देशात शोधताय तिथला नियम जायच्या आधी वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्फोटकं. जुनं आहे म्हणजे मेलेलं आहे असं कधीच धरू नका. बेल्जियममध्ये ईपर या गावाच्या आसपास शेतकऱ्यांच्या नांगराला अजूनही पहिल्या महायुद्धातले गोळे लागतात, काहींमध्ये विषारी वायू असतो, तिथे त्याला लोखंडाचं पीक म्हणतात आणि ते न्यायला लष्कराचं पथक येतं. २०१४ मध्ये तिथेच अशा एका गोळ्याने दोन कामगारांचा जीव घेतला. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २००८ साली यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना एक चांगला अनुभवी संग्राहक गेला, गोळा १४० वर्षांहून जुना होता. काळी दारू, म्हणजे तोफगोळ्यात भरलेली जुनी बंदुकीची दारू, कोरडी राहिली की तिचा जोर टिकतो, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. म्हणून पोलिसांचा नंबर फोनमध्ये आधीच सेव्ह, आणि गोल किंवा लांबट जड लोखंड दिसलं, त्याला भोक किंवा पितळेचा फ्यूज, म्हणजे गोळा पेटवणारा भाग, दिसला की खणणं तिथेच थांबवायचं, उचलायचं नाही, पुसायचं नाही, जागा खूण करून मागे यायचं आणि फोन करायचा. माणसाची हाडं दिसली तरी तेच, हात लावायचा नाही, तो कुणाच्या तरी घरचा माणूस होता.

कधी जायचं तर कापणी झाल्यावर आणि पेरणीच्या आधी, नांगरून एखादा पाऊस पडून गेलेला असेल तर उत्तम, ओलसर दबलेल्या मातीत सिग्नल जास्त स्पष्ट येतो, ढेकळं असली की कॉईल, म्हणजे डिटेक्टरची खालची चकती, वर राहते आणि तेवढी खोली वाया जाते. जायच्या आधी जुना नकाशा आणि आजचा सॅटेलाइट फोटो शेजारी ठेवून बघा, जुनी वाट, ओढा उतरायची जागा, पाण्याचा झरा, थोडासा उंचवटा. लढाईच्या रेषेपेक्षा छावणीची जागा मला जास्त आवडते कारण तिथे बटणं, बकलं, नाणी, हातातून पडलेल्या न झाडलेल्या गोळ्या, गोळ्या ओतताना सांडलेलं शिसं असं माणसांच्या रोजच्या जगण्यातलं मिळतं.

मशीनचं थोडक्यात सांगतो. बॅटरी फुल आणि एक जादा, हेडफोन, आणि पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर. कॉईल शक्यतो डबल डी, म्हणजे आत D आकाराची दोन वेटोळी असलेली, खिळ्यांचा कचरा जास्त असेल तर छोटी कॉईल. शेतात पोचल्यावर ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीन तिथल्या मातीशी जुळवून घ्या, आणि दुपारी माती बदलली तर परत करा. लोखंड डिस्क्रिमिनेट करून टाकू नका, म्हणजे त्याचे सिग्नल मशीनवर बंद करू नका, नाणी शोधणारे करतात ते ठीक आहे पण इथे तोफेच्या डब्यातले छर्रे, संगिनीचे तुकडे, घोड्याच्या नालाचे खिळे सगळं लोखंडच असतं. दोऱ्या बांधून पट्टे पाडा, कॉईल जमिनीलगत सावकाश फिरवा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवा, मग तोच पट्टा आडवा एकदा. बुटाला स्टीलची टोपी नको, कॉईल पायाजवळ आली की उगाच वाजत राहतं. सोबत दुसरा कोणी त्याच फ्रिक्वेन्सीचं मशीन घेऊन असेल तर अंतर ठेवा.

खणायला मजबूत हातखुरपं आणि छोटं फावडं. गवताळ कुरण असेल तर गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून चौथी बाजू जोडलेली ठेवून उलटा, म्हणजे परत बसवला की गवत जगतं. खड्डा लगेच बुजवा आणि पायाने दाबा, जनावराचा पाय त्यात मुडपला तर त्या शेतात परत कोणी उभं करणार नाही आणि करूही नये. गंजलेला पत्रा, तारा, कचरा जे निघेल ते सोबत बाहेर आणा, त्यासाठी वेगळी थैली.

वस्तू शेतात पुसायची नाही, थुंकी लावून चोळायची तर अजिबात नाही, बटणावरचा मुलामा आणि आकडे त्यातच जातात. शिशावरचा पांढरा थर तसाच राहू द्या, तोच त्याला जपतो, फक्त शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नका. शिसं लाकडी पेटीत, विशेषतः ओकच्या, ठेवू नका, लाकडातून निघणाऱ्या आम्लाने ते खराब होतं. कोरड्या मातीतून निघालेलं लोखंड घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, उघड्यावर राहिलं की पापुद्रे सुटायला लागतात. चामडं, लाकूड, कापड चिकटलेलं असेल तर ते त्याच्याच ओल्या मातीसकट पिशवीत भरा आणि लवकरात लवकर जवळच्या म्युझियममधल्या जाणकाराला दाखवा.

निघताना फाटक होतं तसं लावायचं, सापडलेलं सगळं मालकाला दाखवायचं, आणि घरी आल्यावर कितीही दमलात तरी त्याच रात्री वहीतल्या नोंदी नकाशावर चढवायच्या, दोन दिवस गेले की १४ नंबरची पिशवी ओढ्याच्या अलीकडची की पलीकडची हे आठवत नाही.