जुन्या गाडीचा हीटर कोमट हवा देत असेल तर

आधी तक्रार नेमकी कोणती आहे ते ठरवा. हवा जोरात येते पण गार असते, की गरम असते पण जेमतेम येते? दुसरा प्रकार सोपा. केबिन फिल्टर असेल तर काढून पाहा, काळा पडला असेल तर बदला. वायपरखालच्या जाळीत साठलेला पाचोळा उपसा. ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा भाग) गेलेला असतो. मोटर बदलायची गरज नाही.

हवा भरपूर आणि तरी गार, हे खरं दुखणं. अशा वेळी सुटे भाग विकत घेण्याआधी सगळी तपासणी करून घ्यावी, कारण थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप), हीटर कोर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, ज्यावरून जाऊन हवा गरम होते) आणि वॉटर पंप (कूलंट फिरवणारा पंप) या तिन्हींच्या बिघाडात आत बसणाऱ्याला जाणवतं ते एकच: कोमट हवा.

सुरुवात कूलंटपासून, म्हणजे इंजिनची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवापासून. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना उघडलं तर उकळता कूलंट अंगावर उडतो. नुसती बाजूची बाटली बघून भागत नाही. झाकणाचा रबर किंवा व्हॉल्व्ह निकामी झाला की बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं सर्रास दिसतं. बऱ्याच गाड्यांत हीटर कोर उंचावर असतो, त्यामुळे पातळी उतरली की पहिला फटका त्यालाच बसतो. रेस दिली की गरम आणि आयडलिंगला गार, असं होत असेल तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे असं समजून पुढे जा.

मग थर्मोस्टॅट. गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर (रबरी नळीवर) हात ठेवा. तो बराच वेळ गार राहून मग थोड्या वेळात चांगला तापायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला आणि मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा खाली घसरत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. किंवा तो जागेवरच नाही! गाडी तापते म्हणून कोणीतरी तो काढून टाकलेला असतो. हा उपाय नव्हे. इंजिन कायम थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं आणि हीटर तर संपतोच. काढलेला थर्मोस्टॅट तपासायचा तर दोऱ्याने पाण्यात लटकवून पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास, बहुधा ८२ ते ९० अंशांना, तो उघडू लागला पाहिजे. नवा बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे ठेवा, हवा सोडणारी छोटी पिन असेल तर ती वर ठेवा, आणि गॅस्केट नवंच घाला.

इथवर सगळं ठीक असेल तर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून) आत जाणारे हीटरचे दोन होज शोधा. निदानाची खरी जागा हीच. इंजिन तापवा, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर मधल्या स्पीडवर ठेवा आणि फॅन-बेल्टपासून बाही सांभाळून दोन्ही होज चाचपा. दोन्ही होज हात ठेववणार नाही इतके तापलेले असतील तर कोरमधून कूलंट नीट फिरतोय. दोष आत, डॅशबोर्डमागच्या फ्लॅपचा, म्हणजे गरम-गार हवेची वाट बदलणाऱ्या झडपेचा. एक तापलेला आणि दुसरा गार असेल तर कोर तुंबलाय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह (काही गाड्यांत कोरकडे जाणारा कूलंट सोडणारी-अडवणारी झडप) उघडत नाही. दोन्ही कोमट असतील तर कूलंटच तिथवर पोचत नाही: हवा अडकली असेल, नाहीतर पंपाची पाती गंजून झिजली असतील.

व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत आधी त्याची केबल पाहा. डॅशबोर्डवरचा दांडा हलवताना बोनेटखाली व्हॉल्व्हचा दांडाही हलला पाहिजे. तो हलत असेल आणि तरी होज गार असेल तर कोर धुवावा. इंजिन गार करून दोन्ही होजच्या क्लिप सोडा. होज चिकटला असेल तर ओढू नका, कोरची नळी वाकते किंवा तुटते. होज उभा चिरून काढा आणि नवा घाला. खाली घमेलं ठेवा. कूलंट विषारी असतो आणि गोड लागतो म्हणून कुत्री-मांजरी चाटतात. आता बाहेर जाणाऱ्या नळीतून, म्हणजे उलट दिशेने, नळाचं पाणी बेताच्या दाबाने सोडा. कॉम्प्रेसरची हवा नको, जुना कोर डाकाशी फुटतो. गाळ आधी तपकिरी येईल. आलटून पालटून दोन्ही बाजूंनी, पाणी स्वच्छ आणि धार भरघोस होईपर्यंत धुवा. पूर्वी रेडिएटरची गळती थांबवायची पावडर किंवा द्रव घातला असेल तर कोर पूर्ण मोकळा होईलच असं नाही.

भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्या. तयार मिसळलेला असेल तर पाणी घालू नका. गाडीचं नाक चढाकडे, हीटर पूर्ण गरमवर. हवा सोडायचा स्क्रू असेल तर भरताना तो सैल करा आणि बुडबुड्यांविना धार आली की आवळा. मग झाकण उघडं ठेवूनच गार इंजिन आयडलिंगला चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भर घालून झाकण लावा. गार झाल्यावर पुन्हा पातळी बघा. इतकं करूनही बुडबुडे थांबत नसतील आणि कूलंट रोज कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या.

फ्लॅपचा दोष असेल तर केबल क्लिपमधून सुटलेली असते किंवा कडेचा फोम कुजून गार हवा मधूनच निसटते. व्हेंटमधून फोमचा काळा भुगा येणं ही त्याचीच खूण.

काचेवर आतून तेलकट धुकं, गोडसर वास आणि पायाखाली ओलं कार्पेट दिसलं तर कोर गळतोय, तो बदलावाच लागेल. तोपर्यंत बहुतेक गाड्यांत दोन्ही होज एका जोडनळीने एकमेकांना जोडून गाडी चालवता येते. मात्र तेवढे दिवस काचेवरचं धुकं घालवायला गरम हवा मिळणार नाही.