कढईतला माणूस पापी नाही: ड्यूररचं चित्र बघताना या चुका टाळा

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1498 ला न्यूर्नबर्गमध्ये प्रकटीकरणावर, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकावर, 15 वुडकटची (लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेल्या चित्रांची) सिरीज पुस्तक म्हणून काढली, जर्मन आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांत, आणि त्यातलं पहिलंच चित्र असं की उघडा माणूस उकळत्या तेलाच्या कढईत बसलाय, एकजण वरून तेल ओततोय आणि खाली दुसरा भात्याने जाळ वाढवतोय.

आपली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कुंभीपाकाची चित्रं बघून डोळ्याला सवय झालेली असते की कढईत पापी आणि बाहेर यमदूत. इथे नेमकं उलटं, आतमध्ये संत योहान आहे, ज्याला हे प्रकटीकरण दिसलं असं मानतात तो, आणि सिंहासनावर बसून शिक्षा देणारा रोमचा सम्राट डोमिशियन. आणि हा प्रसंग बायबलमध्ये शोधत बसू नका, सापडणार नाही, तो संतांच्या आख्यायिकेतला आहे.

दुसरं म्हणजे सम्राटाचे कपडे. डोमिशियनने राज्य केलं इ.स. 81 ते 96, पण डोक्यावर बघा, चक्क तुर्की फेटा! ड्यूररला इतिहास कच्चा होता असं लगेच म्हणू नका. 1453 ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं होतं, त्याची धास्ती युरोपात अजून ताजी होती, त्यामुळे धर्माचा शत्रू म्हटला की ड्यूररच्या गिऱ्हाइकाला तुर्कच दिसायचा. म्हणून चित्र रोमचा पुरावा म्हणून वापरू नका, तुर्कांचा तर नाहीच नाही, पुरावा असलाच तर तो न्यूर्नबर्गच्या भीतीचा.

"चेहऱ्यावर वेदना दिसतच नाहीत, जमलं नाही वाटतं" अशी कमेंट हमखास येते. अहो, हात बघा, जोडलेले आहेत. आख्यायिकेत योहान तेलातून सहीसलामत बाहेर येतो आणि मग त्याला पात्म या ग्रीक बेटावर हद्दपार करतात, म्हणजे तो शांत दिसणं हीच तर गोष्ट आहे. क्रूरपणा शोधायचा तर त्याच्याकडे नको, आजूबाजूला बघा: मागे कठड्यापलीकडे बघ्यांची गर्दी आणि पुढे तो भातेवाला, आपलं रोजचं काम करावं तसा कामाला लागलेला. मला तर अंगावर काटा तोच आणतो. त्यात जर्मन शहरांत खोटी नाणी पाडणाऱ्याला खरंच असं उकळायचे, त्यामुळे तेव्हाच्या माणसाला हे काही दूरचं वाटत नसणार.

टेक्निकल चूक एकच सांगतो. वुडकट ठोकळ्यावरून उलटा छापला जातो, त्यामुळे डावं-उजवं यावरून मोठे अर्थ काढताना जरा जपून, पण ड्यूररला याचं पक्कं भान होतं, खालची ए-डी ही त्याच्या नावाच्या आद्याक्षरांची सही कागदावर सुलट येते ती त्यामुळेच.

हातातला छापा कुठल्या आवृत्तीतला हे कळत नसेल तर कागद उलटा करा. मागे जर्मन मजकूर असेल तर 1498 ची आवृत्ती, लॅटिन असेल तर 1498 ची किंवा नंतर 1511 ला पुन्हा काढलेली, यातली कुठलीही, आणि मागे कोरं असेल तर लगेच डुप्लिकेट म्हणून मोकळे होऊ नका, मजकूर छापायच्या आधी काढलेले छापेही आहेत.